माइनक्राफ्टमधली सर्वांत ताकदवान तलवार: न दिसणारा नियम लोकांनी कसा शोधला (आणि मला त्यातून काय सापडलं)



पेट-नेटची तयारी करणाऱ्यांकडून मला येणारा नेहमीचा प्रश्न म्हणजे, "ताई, रिसर्च मेथडॉलॉजीसाठी कुठलं पुस्तक वाचू?" पुस्तकांची यादी मी आधीच्या एका पोस्टमध्ये दिली आहे, ती बघा. आज मात्र पुस्तक नाही, एका गेमचा इतिहास सांगणार आहे. हसू नका. या गेममुळे माझ्या थिसिसचा चौथा चॅप्टर अर्धा उडाला, आणि तो उडाला हे बरंच झालं. ती गोष्ट शेवटी येईल. आधी गेम.

माइनक्राफ्ट हा ठोकळ्यांनी जग बांधायचा गेम. स्टॉकहोमच्या मार्कस पर्सनने २००९ मध्ये तो लिहायला घेतला, त्याच्याच मोजांग कंपनीने १८ नोव्हेंबर २०११ ला त्याची १.० आवृत्ती काढली, आणि २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने अख्खी कंपनी अडीच अब्ज डॉलरला घेतली. मूळ गेम जावा भाषेत लिहिलेला आहे. हे एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या १.० आवृत्तीत एक नवी सोय आली: एन्चांटमेंट. म्हणजे तुमच्या हत्याराला जादूचा गुण चिकटवायचा. तलवारीला शार्पनेस, कुदळीला एफिशियन्सी, चिलखताला प्रोटेक्शन. प्रत्येक गुणाच्या पायऱ्या असतात. शार्पनेस १ ते ५, प्रोटेक्शन १ ते ४ अशा. त्यासाठी एक टेबल बनवायचं: चार ऑब्सिडियन, दोन हिरे आणि एक पुस्तक. टेबलावर तलवार ठेवली की तीन पर्याय दिसतात, तुम्ही कमावलेल्या अनुभवाच्या लेव्हल देऊन त्यातला एक निवडायचा. काय मिळणार हे मात्र नशिबावर. सगळ्यात जोरदार पर्याय हवा असेल तर टेबलाभोवती, मधे एक घर रिकामं सोडून, बुकशेल्फ रचायचे. आज १५ लागतात.

१५ बुकशेल्फचा हिशोब करून बघा. एका शेल्फला तीन पुस्तकं, म्हणजे ४५ पुस्तकं. एका पुस्तकाला तीन कागद, म्हणजे १३५ कागद. आणि गेममध्ये कागद होतो उसापासून, एका उसाला एक कागद या दराने. १३५ ऊस! मी विश्रामबागेत वाढले. सांगलीबाहेर कुठल्याही रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना ऊसच. तरी उसाचा कागद होतो ही कल्पना मला या गेमने दिली, चिपाडाचा खरोखरच कागद करतात हे त्यानंतर कितीतरी वर्षांनी कळलं.

आता मुद्दा असा की यातला कुठलाच नियम गेममध्ये कुठेही लिहिलेला नव्हता. किती शेल्फ लागतात, हिऱ्याची तलवार बरी की लोखंडाची, काहीच नाही. खेळाडूंसमोर एक बंद पेटी होती. आत काहीतरी टाकायचं आणि बाहेर काय येतं ते बघायचं. तुम्ही संशोधनात नेमकं हेच करणार आहात, फक्त तुमच्या पेटीत हिरे नसतील.

आमची वही

२०१३ मध्ये मी अकरावीत होते. आमच्या घरी कॉम्प्युटर नव्हता, मावशीकडे होता. मावसभाऊ, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो, त्याच्याबरोबर सुट्टीत बसून खेळायचो. तेव्हाच्या आवृत्तीत सगळ्यात वरच्या पर्यायाला पूर्ण ३० लेव्हल मोजाव्या लागायच्या आणि हातात काय पडणार हे आधी अजिबात दिसायचं नाही. ३० लेव्हल जमवायला तासन्‌तास जायचे, आणि मग यायचं काहीतरी टुकार.

दादाचं ठाम मत होतं की गेममध्ये मध्यरात्र असताना टाकलं तर चांगलं येतं. मी म्हटलं, लिहून ठेवू. जुन्या प्रॅक्टिकलच्या वहीच्या मागच्या पानांवर आम्ही २३ नोंदी केल्या: दिवसा १२ वेळा, रात्री ११ वेळा. "चांगलं" आलं ते एकूण सहा वेळा, त्यात रात्री चार आणि दिवसा दोन. दादा जिंकला. त्यानंतर दोन वर्षं आम्ही रात्र होईपर्यंत टेबलाजवळ टाटकळत बसायचो.

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी फिशरची एक्झॅक्ट टेस्ट शिकले तेव्हा मला ती वही आठवली. सहा चांगले निकाल २३ नोंदींत निव्वळ योगायोगाने वाटले गेले असते, तरी त्यातले चार किंवा जास्त रात्रीच्या ११ मध्ये पडण्याची शक्यता किती? १,००,९४७ प्रकारांपैकी २७,७८६. म्हणजे २७ टक्क्यांच्या वर. चार वेळा असा प्रयोग केला तर एकदा तरी दादा असाच जिंकला असता. गेमच्या नियमात दिवस-रात्रीचा काही संबंधच नाही, हे तर नंतर उघड झालंच.

पण त्या वहीत यापेक्षाही मोठी चूक होती, ती तुम्ही पकडली का? "चांगलं" म्हणजे काय हे आम्ही आधी ठरवलंच नव्हतं. निकाल बघायचो आणि मग म्हणायचो, हं, हे चांगलं. रात्र असेल तर जरा उदारपणे.

बी. एफ. स्किनरने १९४८ मध्ये कबुतरांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. ठरावीक वेळाने आपोआप दाणे पडायचे, कबुतर काय करतंय याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. तरी कबुतरं दाणे पडताना जे करत होती तेच पुन्हा पुन्हा करू लागली. एक गोल फिरायचं, एक मान झटकायचं. स्किनरच्या या अर्थ लावण्यावर पुढे बरीच टीका झाली, ती जरूर वाचा. पण मी आणि दादा त्या टेबलाभोवती काय करत होतो याला मला दुसरा शब्द सुचत नाही.

सगळ्या जगात हेच चाललेलं होतं. टेबलावर पर्यायांच्या जागी विचित्र लिपीतली अक्षरं दिसतात. ती लिपी खरी आहे, म्हणजे १९९० च्या कमांडर कीन या जुन्या गेमसाठी बनवलेली, एकेका इंग्रजी अक्षराला एकेक खूण. लोकांनी ती वाचली. शब्द लागले! मग त्या शब्दांचा आणि मिळणाऱ्या गुणाचा संबंध काय, यावर तर्क सुरू झाले. संबंध शून्य. शब्द एका यादीतून आंधळेपणाने उचललेले असतात. मला हे उदाहरण फार आवडतं, कारण यात लोक आळशी नव्हते. त्यांनी लिपी उलगडण्याचं खरं काम केलं होतं. एखादी गोष्ट वाचता आली म्हणजे तिच्यात माहिती असतेच असं नाही.

दुसरी गडबड कुठल्या नोंदी आपल्यापर्यंत पोहोचतात याची. भारी तलवार मिळाली की माणूस स्क्रीनशॉट टाकतो. टुकार मिळाली की गप्प बसतो. मग बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, अमुक पद्धतीने सगळ्यांनाच भारी मिळतंय. यासाठी मी नेहमी आपल्याच भागातल्या एका माणसाचं उदाहरण देते. पां. वा. सुखात्मे, जन्म १९११, सातारा जिल्ह्यातलं बुध गाव. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून संख्याशास्त्राची पीएचडी, पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत सांख्यिकीचे संचालक. १९४० च्या दशकात देशभर पिकाचा अंदाज काढायला शेतात यादृच्छिक जागी छोटे तुकडे आखून तेवढंच पीक कापून मोजायचे. तुकडा किती मोठा घ्यावा यावर मोठा वाद होता. महालनोबीस लहान तुकड्यांच्या बाजूचे. सुखात्मेंनी दाखवलं की तुकडा फार लहान असेल तर उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. का? तुकड्याच्या काठावर उभं असलेलं रोप आत धरायचं की बाहेर, हे मोजणारा ठरवतो, आणि त्याचा हात ते आत ओढण्याकडे झुकतो. लहान तुकड्यात काठ जास्त, मधला भाग कमी. माणूस खोटं बोलत नसतो, फक्त काठावरचं रोप आत धरतो. आमच्या वहीतलं "चांगलं" हे असंच काठावरचं रोप होतं.

पेटी उघडली

मग नियम कळले कसे? प्रामाणिकपणे सांगायचं तर बहुतेक प्रयोगाने कळले नाहीत. जावाचा प्रोग्राम उलटा उलगडून पुन्हा वाचण्याजोगा करता येतो. मोजांगने आतली नावं मुद्दाम गोंधळाची करून ठेवली होती, तरी खेळाडूंनी मिळून एकेका तुकड्याला अर्थपूर्ण नाव देत अख्खा कोड वाचनीय केला. हे काम २०१० पासूनच सुरू होतं. २०१९ मध्ये मोजांगने स्वतःच ती नावांची यादी खुली केली.

कोडमध्ये जे सापडलं ते बघा, कारण इथे खरी मजा आहे. टेबलाभोवती शेल्फ किती, त्याला ब म्हणू. गेम आधी एक आकडा काढतो: १ ते ८ मधली एक यादृच्छिक संख्या, अधिक ब चा निम्मा, अधिक ० ते ब मधली आणखी एक यादृच्छिक संख्या. शेवटच्या पर्यायाची लेव्हल म्हणजे हा आकडा किंवा ब ची दुप्पट, यातलं जे मोठं ते. ब १५ असेल तर पहिला आकडा जास्तीत जास्त ८ + ७ + १५, म्हणजे ३०. आणि दुप्पटही ३०. म्हणून १५ शेल्फ असले की तिसरा पर्याय दर वेळी बरोबर ३० चाच. यात नशीब नाहीच. "तिसरा पर्याय ३० चा यावा म्हणून" लोक करत असलेले सगळे टोटके निरर्थक होते, आणि सगळे यशस्वीही होते!

पुढची पायरी. प्रत्येक धातूला एक "ग्रहणशक्ती" दिलेली आहे: दगड ५, हिरा १०, लोखंडी हत्यार १४, नंतर आलेलं नेदराइट १५, आणि सोनं २२. हो, सोनं. गेममध्ये सोन्याची तलवार चटकन मोडते, म्हणून कुणी करत नाही, पण जादू तिलाच सर्वांत चांगली लागते. ३० मध्ये १ मिळवायचा, मग ग्रहणशक्तीच्या चौथ्या भागापर्यंतची यादृच्छिक संख्या दोनदा मिळवायची, आणि येणारं उत्तर ०.८५ ते १.१५ मधल्या एका संख्येने गुणायचं. शार्पनेस ५ मिळायला हा शेवटचा आकडा ४५ तरी हवा.

वहीवर करा. हिरा: १० चा चौथा भाग, पूर्णांकात, २. म्हणून ३० + १ + २ + २ = ३५. गुणिले १.१५ म्हणजे ४०.२५, धरा ४०. पंचेचाळीस नाही. नेदराइट: ३७ गुणिले १.१५, साधारण ४३. तरीही नाही. सोनं: ४१ गुणिले १.१५ म्हणजे ४७. हो! म्हणजे आजच्या नियमांत टेबलावर हिऱ्याच्या तलवारीला शार्पनेस ५ कधीच, कितीही वेळा टाकली तरी, मिळू शकत नाही. मिळेल ते फक्त सोन्याच्या.

आता कोड नसता तर? समजा कुणी हिऱ्याची तलवार १०० वेळा टाकली आणि शार्पनेस ५ शून्य वेळा आला. यावरून काय म्हणता येतं? "अशक्य आहे" असं नाही म्हणता येत. संख्याशास्त्रात तिनाचा नियम म्हणून एक सोपा आडाखा आहे: न वेळा प्रयोग करून एकदाही घटना घडली नाही, तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की तिची शक्यता ३ भागिले न पेक्षा कमी आहे. १०० वेळा शून्य, म्हणजे ३ टक्क्यांहून कमी. हजार वेळा शून्य, ०.३ टक्क्यांहून कमी. प्रयोग कितीही केले तरी "कमी" म्हणता येतं, "अशक्य" म्हणायला यंत्रणा माहीत असावी लागते. मुलाखतीत कुणी तुम्हाला विचारलं की थिअरीची गरज काय, तर हे उदाहरण गेमचं नाव न घेता सांगा.

आणखी एक गोष्ट, ज्यात सगळे जण अडकतात. नियम बदलत राहिले. २०११ मध्ये वरची मर्यादा ५० लेव्हलची होती आणि ३० शेल्फ लागायचे. तेव्हा हिऱ्यालाही टेबलावरच शार्पनेस ५ मिळायचा. ऑगस्ट २०१२ च्या १.३ आवृत्तीत ५० चे ३० झाले, ३० शेल्फचे १५. सप्टेंबर २०१४ च्या १.८ मध्ये लॅपिस नावाचा निळा दगड लागू लागला, ३० च्या पर्यायाला ३० ऐवजी फक्त ३ लेव्हल कापल्या जाऊ लागल्या, आणि एक गुण आधीच दिसू लागला. २०१६ च्या १.९ मध्ये शार्पनेसचाच अर्थ बदलला: आधी प्रत्येक पायरीला १.२५ जास्तीचा मार होता, तो आता पहिल्या पायरीला १ आणि पुढे प्रत्येकी अर्धा झाला. म्हणजे शार्पनेस ५ चे ६.२५ होते, ते ३ उरले. एकच नाव, निम्म्याहून कमी ताकद. त्यामुळे "हिऱ्याला शार्पनेस ५ मिळतो" हे वाक्य २०११ मध्ये खरं होतं आणि २०१३ मध्ये खोटं. दोन्ही वाक्यं इंटरनेटवर शेजारी शेजारी पडलेली असतात. लिटरेचर रिव्ह्यू करताना पेपरचं वर्ष तुम्ही संदर्भसूचीसाठी लिहिता ना? ते साल आधी स्वतःसाठी वाचा. कुठल्या उपकरणाच्या, कुठल्या सॉफ्टवेअरच्या कुठल्या आवृत्तीवर हे मोजलंय, ते.

ऐरण

टेबलाने शार्पनेस ५ मिळत नाही, मग लोक करतात कसा? ऐरणीवर. ऑक्टोबर २०१२ च्या १.४ मध्ये ऐरण आली, डिसेंबरात एन्चांटमेंटची पुस्तकं आली. शार्पनेस ४ ची दोन पुस्तकं ऐरणीवर जोडली की ५ होतं. आणि अशी सात वेगवेगळी पुस्तकं तलवारीवर चढवली, शार्पनेस, लूटिंग, स्वीपिंग एज, अनब्रेकिंग, फायर ॲस्पेक्ट, नॉकबॅक, मेंडिंग, की गेममधली सर्वांत ताकदवान तलवार तयार.

पण ऐरण फुकट काम करत नाही. एखादी वस्तू जितक्या वेळा ऐरणीवर गेली असेल तितका तिच्यावर दंड चढतो: ०, १, ३, ७, १५, ३१, ६३. दर वेळी दुप्पट अधिक एक. आणि एका कामाचा खर्च ४० लेव्हल झाला की ऐरण नकार देते. साध्या माणसाप्रमाणे तलवार घेऊन एकेक पुस्तक चढवत गेलात तर सात कामांचा नुसता दंड १२० होतो, आणि सातवं पुस्तक कधीच चढत नाही, कारण त्याचा एकट्याचा दंडच ६३.

यावर खेळाडूंनी काढलेला तोडगा आपल्याकडच्या कुठल्याही स्पर्धेच्या ड्रॉसारखा आहे. आठ वस्तू आहेत, एक तलवार आणि सात पुस्तकं. पहिल्या फेरीत चार जोड्या लावा, दंड शून्य. दुसऱ्या फेरीत दोन जोड्या. प्रत्येक वस्तूवर १ चा दंड, म्हणून प्रत्येक जोडीला २, मिळून ४. अंतिम फेरीत एक जोडी. दोघांवर ३-३, म्हणून ६. एकूण दंड १०. एकशेवीसच्या जागी दहा! वस्तू त्याच, ऐरण तीच, बदलला फक्त क्रम. पुस्तकांचे स्वतःचे दर यात वेगळे मोजावे लागतात, आणि जे पुस्तक उजव्या बाजूला ठेवून जोडता त्याचा दर दर फेरीत पुन्हा भरावा लागतो, म्हणून महाग पुस्तक उजवीकडे कमीत कमी वेळा जाईल असं बघायचं. हा हिशोब हाताने नीट बसत नाही. लोकांनी त्यासाठी छोटे प्रोग्राम लिहिले. कॉम्प्युटर सायन्सवाल्यांना हफमनचं १९५२ चं झाड आठवेल. तंतोतंत तेच नाही, पण जवळचं नातेवाईक आहे.

लेव्हलचाही एक डाव आहे. शून्यापासून तिसऱ्या लेव्हलपर्यंत जायला फक्त २७ अनुभवगुण लागतात, पण २७ पासून ३० पर्यंत जायला ३०६. म्हणून ऐरणीची छोटी कामं खालच्या लेव्हलवर असतानाच उरकायची. "तीन लेव्हल" हे माप प्रत्येक ठिकाणी सारखं नसतं. लॉग स्केलचा ग्राफ पहिल्यांदा बघणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हेच सांगते.

मेंडिंग टेबलावर मिळतच नाही, त्यासाठी २०१९ नंतरचा सोपा मार्ग म्हणजे गावातला ग्रंथपाल: त्याचा पुस्तकाचा स्टँड फोडायचा, पुन्हा ठेवायचा, तो नवं पुस्तक विकायला काढतो, हवं ते येईपर्यंत हेच. चिकाटी सोडून त्यात काही नाही, पुढे जाते. कमांड टाइप करून ३२,७६७ पायरीचा शार्पनेस बनवायची एक जुनी परंपराही होती. हा आकडा चिन्हासह १६ बिटांत मावणारी सर्वांत मोठी धन संख्या, एवढंच त्याचं महत्त्व. त्याला मी ताकद म्हणत नाही.

नशीबच वाचलं

शेवटचा टप्पा जास्त धाडसी. १.८ नंतर टेबलावरचे पर्याय एका लपलेल्या "बीजा"वरून ठरतात. ते बीज तुम्ही एखादी वस्तू एन्चांट करेपर्यंत बदलत नाही. मग काही प्रोग्रामर खेळाडूंनी विचारलं, हे नशीब तरी येतं कुठून?

जावातलं नेहमीचं यादृच्छिक यंत्र अगदी साधं आहे. आतमध्ये ४८ बिटांची एक संख्या. दर वेळी तिला २५,२१४,९०३,९१७ ने गुणायचं, ११ मिळवायचे, आणि पुन्हा ४८ बिटांत बसवायचं. ही कल्पना डी. एच. लेमर यांनी १९४९ मध्ये मांडलेल्या पद्धतीची वारसदार आहे. अशा संख्यांत दडलेली शिस्त असते हे जॉर्ज मार्सालिया यांनी १९६८ मध्येच गणिताने दाखवलं होतं. ४८ बिट म्हणजे २८१ लाख कोटी शक्यता. पण यंत्र बाहेर ३२ बिट दाखवतं. लपलेले उरतात १६ बिट, म्हणजे फक्त ६५,५३६ शक्यता. टेबलावर लागोपाठची दोन बीजं ओळखता आली की या सगळ्या शक्यता तपासून आतली संख्या सापडते, आणि मग पुढचं सगळं "नशीब" आधीच वाचता येतं. वस्तू जमिनीवर फेकली की तेच यंत्र काही पावलं पुढे सरकतं. म्हणून हिशोब करायचा, सांगितलेल्या संख्येइतक्या वस्तू फेकायच्या, आणि हवं ते बीज येईल तेव्हा टेबलावर जायचं. २०१३ मध्ये आम्ही रात्रीची वाट बघायचो. हे लोक दगड फेकून मोजत होते, आणि बाहेरून दोघांचा टोटका सारखाच दिसला असता.

हे सगळं मी मागच्या वर्षी एका रात्री वाचत होते, चॅप्टर लिहायचा कंटाळा आला म्हणून. त्यात एक ओळ होती: टेबलावरच्या तीन पर्यायांसाठी गेम तीन बीजं वापरतो, मूळ बीज, त्याच्यापुढचं, त्याच्यापुढचं. आणि खाली कुणीतरी लिहिलेलं होतं की जावाच्या यंत्राला लागोपाठची बीजं दिली तर पहिला आकडा जवळजवळ सारखाच येतो.

मी खुर्चीतच ताठ बसले.

माझं काम असं: एका डब्यात कण यादृच्छिक चालीने फिरतो, एका भिंतीला कधी पोहोचतो ते मोजायचं. सुरुवातीची जागा डब्यात कुठेही, समान शक्यतेने. प्रोग्राम जावात, आधीच्या एका सीनियरकडून आलेला, मी वाढवलेला. २०० वेळा चालवायचा, दर वेळी नवं बीज. मी बीजं कुठली दिली होती? १, २, ३, ४... २०० पर्यंत. आणि प्रत्येक वेळी यंत्रातून निघणारा पहिला आकडा कशासाठी वापरला होता? सुरुवातीच्या जागेसाठी.

तुमच्या मशिनवर करून बघा. बीज ० द्या, पहिला आकडा ०.७३०९. बीज १, ०.७३०८. बीज २, ०.७३११. बीज ४२, ०.७२७५. मी २०० च्या २०० छापले. सगळे ०.७२ आणि ०.७५ च्या मधे. माझे दोनशे कण डब्यात कुठेही सुरू होत नव्हते, सगळेच्या सगळे जवळपास एकाच बिंदूवर उभे होते.

चौथ्या चॅप्टरची मुख्य आकृती होती भिंतीला पोहोचण्याच्या वेळेचा आलेख, आणि त्यात एक छान उंचवटा होता. त्या उंचवट्याचं मी चार पानं स्पष्टीकरण लिहिलं होतं. एका कॉन्फरन्सला त्यावर ॲब्स्ट्रॅक्टही गेला होता. एकाच बिंदूवरून सुरुवात केली तर असा उंचवटा येणारच, भिंतीपर्यंत पोहोचायला काही किमान वेळ लागतो म्हणून. समान वाटणीने सुरुवात केली तर काही कण भिंतीला चिकटूनच असतात, ते लगेच पोहोचतात, आणि आलेख सुरुवातीला सर्वांत उंच असून उतरत जायला हवा. हे गणित मला येत होतं. त्याच चॅप्टरच्या प्रस्तावनेत मी ते सोडवून दाखवलं होतं! पण उंचवटा दिसला तेव्हा मी गणितावर शंका घेतली, नव्या परिणामाची स्वप्नं बघितली, आणि बीजांच्या ओळीकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

सकाळी गाइड मॅडमना फोन केला. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "सुरुवातीच्या जागांचा हिस्टोग्राम काढला होतास का?" नव्हता काढला. दहा ओळींचं काम होतं. ॲब्स्ट्रॅक्ट त्याच दिवशी मागे घेतला. आयोजकांना कारण लिहिताना मी "संगणकीय त्रुटी" असं लिहिलं, मॅडमनी ते खोडून "बीज निवडण्यातली आमची चूक" असं केलं.

प्रोग्राम नव्याने बसवला: एकच यंत्र, एकदाच बीज, त्यातूनच सगळ्या दोनशे फेऱ्या, शिवाय वेगळ्या पद्धतीचं दुसरं यंत्र घेऊन तेच पुन्हा. नऊ दिवस मशिन चालू होतं. दोन्हीकडून आलेख उतरताच आला, प्रस्तावनेतल्या सूत्राला धरून. चार पानं गेली. त्या जागी आता सुरुवातीच्या जागांचा हिस्टोग्राम आहे, जुना आणि नवा शेजारी शेजारी. जुन्यात एकच उंच काडी, बाकी सगळं रिकामं.

दिवाळीत दादा घरी आला होता. त्याला ती आकृती दाखवली. त्याने बराच वेळ बघितली आणि विचारलं, "मशिन रात्री चालू ठेवलं होतंस ना?"